एक वाक्य मागे घेतो

मी, चंपत गणू मेश्राम, वय एकाहत्तर, राहणार कॅम्प-१, भिलाई, ब्लास्ट फर्नेसवरचा निवृत्त कामगार, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला ते लागत नाहीत.

१. कॅम्पातले दोन खोल्यांचे घर मुलगी ललिता आणि मुलगा नरेश यांना निम्मे-निम्मे. नरेशचे नाव वाचून ललिता दचकेल. कारण शेवटच्या कलमात आहे.

२. सायकल आणि भट्टीत पाहायची निळी काच भाऊरावला. तीस वर्षे एका पाळीत होतो. माझ्या डब्यातली भाजी तो चोरायचा, ते माफ.

३. माझी दोनशे पानी वही मृणालताईंना. दर रविवारी त्या विहारात पोरांना मराठी शिकवतात. शाळेत सगळी हिंदी. नातीला सोडायला गेलो आणि मागे बसून राहिलो. उपमा, रूपक, अतिशयोक्ती. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिले, निर्जीवाला माणसासारखे वागवणे म्हणजे चेतनगुणोक्ती. माझ्या अंगावर काटा आला. आमची अख्खी पाळी भट्टीला माय म्हणायची. "माय आज रुसून राहिली," म्हणत भट्टीत सोडायची हवा कमी करायची. त्यात अंगठेबहाद्दरही होते. एवढे मोठे नाव असलेली गोष्ट जन्मभर आमच्या तोंडात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता! त्या दिवशी मी सायकल विहारातच विसरून पायी घरी आलो.

४. आता नरेश. अप्रेंटिसशिप सोडून तो नागपूरला फोटो काढायला निघाला, तेव्हा गल्लीसमोर मी म्हणालो, "आजपासून तू मले मेला." नऊ वर्षे झाली, तो आला नाही. मी ते वाक्य वहीत लिहून ताईंना विचारले, हा कोणता अलंकार? वाटले, अतिशयोक्ती म्हणतील आणि मी सुटेन.

त्या म्हणाल्या, "काकाजी, ही अतिशयोक्ती आहे हे ऐकणाऱ्याले माहीत होतं का?"

नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मी ते मनापासूनच बोललो होतो. त्याची मला लाज वाटते.

ते वाक्य मी मागे घेतो. हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याची प्रत उद्याच रजिस्टर पोस्टाने नागपूरला जाईल. माझा मुलगा नरेश चंपत मेश्राम हयात आहे, असे मी दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देतो. आणि मीही अजून आहे.

सही : चंपत गणू मेश्राम
साक्षीदार : १. सुनिता जानराव रामटेके २. बबलू हिरामण गजभिये
कॅम्प-१, भिलाई. रविवार, ४ फेब्रुवारी २०२४