फर्गसची अट

३ जून
आईचा अहवाल आला! ती गेल्याला एकवीस वर्षं झाल्यावर. तिच्या आतड्याच्या गाठीचा आणि शेजारच्या निरोगी भागाचा तुकडा रुग्णालयाने जपून ठेवला होता, तो आता तपासला. दोन्हींत एपीसी जनुक मोडलेलं निघालं, म्हणजे जन्मापासूनच. म्हणजे माझ्या धाकट्या भावात, फर्गसमध्ये, आणि माझ्यात ते असण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

अकरा वर्षं प्रयोगशाळेत मी याच जनुकावर काम करतेय. स्वतःचं रक्त मात्र कधी दिलं नाही. का? इथे तरी खरं लिहावं – भीती.

५ जून
होबार्टहून किनाऱ्यावरच्या डनॅलीला, फर्गसकडे गेले. फर्गस गुडघाभर पाण्यात उभा, कालवांच्या जाळ्या उलटत होता.
"शास्त्रज्ञबाई आज चिखलात? कोण गेलं?"
सांगितलं. हात थांबले नाहीत त्याचे. "मी सगळा आईवर गेलोय, रो. नाक, पाय, चिडकेपणा. हेही माझ्याच वाट्याला आलं असणार. तपासून काय करू?"
त्याची बायको जोडी काठावरून ओरडली, "चहा झालाय! भांडण आत येऊन करा!"
चहा प्यायलो. भांडलो.

९ जून
फर्गसचा फोन. आपणहून!
"ते मोडतं म्हणजे नक्की होतं काय? शहाणपणा न दाखवता सांग."
आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, म्हटलं. त्यासाठी पेशींना 'वाढा' असा निरोप जातो – विंट त्याचं नाव. तो वेळेवर आवरायचं काम एपीसीचं. त्याच्या दोन प्रती असतात. आईची एक जन्मापासूनच बिघडलेली. एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की निरोप थांबतच नाही. बारीकसा कोंब येतो. मग के-रास नावाचं जनुक बिघडतं, तेही 'वाढा'च म्हणत सुटतं. पुढे पुढे 'थांबा' हा निरोप पेशींना पोचेनासा होतो. मग कर्करोग.
मग – "किती दिवसांत?"
"दिवस नाही रे, वर्षं लागतात. बहुतेकदा दहाएक. तेवढ्यात दुर्बिणीतून कोंब काढून टाकता येतो."
"आईला हे कुणी सांगितलं नाही."
"आपल्या घरात हे आहे, कुणाला माहीतच नव्हतं."
तो रडत होता. मीही.

१० जून
फर्गस कबूल! पण अट – मीही रक्त द्यायचं, त्याच दिवशी. गाढव. बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

१४ जून
दिलं. एवढा आडदांड माणूस, सुई बघून तोंड फिरवलं. नर्सबाईंनी त्याला बिस्किट दिलं, मला नाही! नंतर गाडीत बसून स्कॅलप शिंपल्यांचं सारण भरलेले पॅटिस खाल्ले.
"तुझ्यात नसणार," म्हणाला. "तू बाबांवर गेलीयस." त्याला त्यातच केवढा आनंद!

२ जुलै
प्रयोगशाळेत थाळीतले पेशींचे गोळे मोजत होते. एपीसी नसलेले. वाढतच होते. आज मोजवेनात. सारखा फर्गस डोळ्यांपुढे.

१९ जुलै
निकाल. फर्गसमध्ये नाही. माझ्यात आहे.
तो दवाखान्याच्या जिन्यातच बसला. माझा हात सोडेना. "रो, बदलून घेता येत नाही का गं?"