घरात माणसं किती

माळवाडी, जि. सांगली
१४ जून २०२५

अंतराचे पप्पा यांस,
राणीचा स. न. वि. वि. इकडं सगळे खुशाल. तुमची खुशाली फोनवर कळते, तरी कागदावर विचारायची हौस.

पत्र बघून घाबरू नका. फोन लावला की तुमच्या मातोश्री माझ्या मांडीशी येऊन बसतात आणि तुमच्या खोलीतले पाचही जण कान टवकारतात. हे बोलणं दोघांतलंच आहे.

अंतराला फार्मसीला सांगलीत नंबर लागतोय. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर मुलींची फी माफ होते. त्यासाठी तहसीलचा दाखला काढायचा, आणि त्यात घरातल्या सगळ्यांची वर्षाची कमाई एकत्र धरतात. माझं अंगणवाडीचं मानधन, दोन म्हशी आणि दीड एकर, एवढ्यात मर्यादेला धक्काही लागत नाही. तुमचा पगार धरला की मात्र सगळं ओलांडून पलीकडं जातं.

अर्ज भरून देणारा बाबू म्हणतो की वहिनी, नवरा वेगळा राहतो म्हणून लिहा, परदेशातलं कोण बघायला येतंय. गावातल्या दोघींनी तसंच केलंय म्हणे. मी विचारून सांगते म्हणून उठून आले. फी भरावी लागली तर तुमच्या परत येण्याचं काय, ते डोक्यात घोळतंय. पण तुमचं नाव काढायला हात होत नाही. काय करू ते लिहा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, राणी

मेसईद, कतार
२९ जून

प्रिय राणीस,
शहाजीचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद लिहिला की तू हसतेस, म्हणून मुद्दाम लिहिला.)

पत्र कंपनीच्या पेटीत आलं. आमच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या फुजैलनं ते आणून दिलं आणि तुझं अक्षर बघून मला चहा पाजायला लावला.

माझं उत्पन्न मी माझ्या पद्धतीनं काढलं. मेसचे गेले, फोनचे गेले, उरले ते तुला पाठवले. म्हणजे माझी कमाई काहीच नाही, सगळी तुझीच! हा हिशोब बाबूला सांगून बघ. तो तुलाच दंड लावील.

थट्टा राहू दे. माझं नाव काढ. दिवाळीला इथलं खलास करून आलो की कंपनीकडून शेवटचा हिशोब मिळेल, त्यात विट्याला जुनी हायड्रा क्रेन घ्यायची ठरलीय. ती चालवण्याशिवाय मला दुसरं काय येतं? ते पैसे फीला गेले तर गावात येऊन मी पारावर बसू? फोरमननं दोन वर्षांच्या नव्या कराराचा कागद तयारच ठेवलाय. म्हणजे गंमत बघ, कागदावर घरात राहिलो तर इथं राहावं लागेल, आणि कागदावरून बाहेर पडलो तर घरी येता येईल.

क्रेनच्या केबिनमधून समुद्र दिसतो. तो नेमका पूर्वेला आहे, आपल्या बाजूला. मी कामाचं सोडून तिकडंच बघत राहतो आणि खालून यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, असा ओरडा सुरू होतो. राणी, मला आता घरी यायचंय. नाव काय, आल्यावर परत लिहू.

अंतराला शाबासकी, आईला नमस्कार, आणि तुला जे उरेल ते सगळं.
शहाजी

माळवाडी
२० जुलै

अंतराचे पप्पा यांस,
राणीचा नमस्कार वि. वि. आज थट्टा सुचत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं बाबूनं अर्ज भरला. काल तलाठी चौकशीला आले. मी म्हशीची धार काढत होते, तोवर ते सोप्यात बसले आणि घरात माणसं किती म्हणून आत्याबाईंना विचारलं. आत्याबाईंनी चार सांगितली. कोण कोण, तर मी, सून, नात आणि शहाजी. शहाजी कुठाय म्हटल्यावर म्हणाल्या, कामावर गेलाय. कधी येतो, तर दिवाळीला. आणि वर तलाठ्यांनाच झापलं, की घरच्या माणसाला मोजायचं नाही तर काय पाहुण्यांना मोजायचं?

तलाठी माझ्याकडं बघायला लागले. असं काही झालं तर म्हातारीला आता आठवत नाही म्हणून सांगायचं, हे बाबूनं मला पढवून ठेवलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं हो. पण अकरा वर्षं ज्या बाईनं तुम्हाला नुसतं कामावर गेलेला धरून काढली, तिला येडी ठरवू? आणि तिच्यासमोर तुम्हाला घरातून काढू? माझ्यानं झालं नाही. मी तुमचा पगार सांगून टाकला. अर्ज बदलून लिहिला. फीमाफी गेली.

तुमचं घरी येणं मीच माझ्या हातानं लांबवलं, हे कळतंय मला. काल जेवण गेलं नाही. रागवायचं असेल तर पत्रातच रागवा, फोनवर नको.

राग ओसरला की आठवण काढा.
राणी

मेसईद
६ ऑगस्ट

प्रिय राणीस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. आईचं उत्तर वाचलं आणि केबिनमध्ये हमसून रडलो. बरं आहे, तिथं वर कुणी बघायला नसतं. इथं माझी ओळख म्हणजे गळ्यातला बिल्ला. तिकडं मी अजून घरात मोजला जातो, हे मला माहीतच नव्हतं.

पण फी तर भरायचीच. महिनाअखेर नव्या करारावर सही करतो. दोन वर्षं काय, निघून जातील. दिवाळीला वाट बघू नका. आईला तू सांग, मला फोनवर जमणार नाही. हे पत्र फुजैल सुट्टीवर चाललाय त्याच्या हाती देतोय, तो मुंबईत टाकील. तो विमानात बसणार म्हणून मला त्याचा राग येतोय. शहाण्या माणसाला शोभत नाही, पण येतो.

आहे तसं प्रेम ठेव.
शहाजी

माळवाडी
१३ ऑगस्ट

अंतराचे पप्पा यांस,
राणीचा नमस्कार. पत्र पोचायच्या आत तुम्ही सही कराल म्हणून आज फोनही करणार आहे, आत्याबाई शेजारी बसल्या तर बसू देत. तरी लिहितेय, कारण फोनवर मी रडेन आणि तुम्ही हो म्हणून ठेवून द्याल.

सही करायची नाही. यंदाची फी तुमच्या शेवटच्या हिशोबातून भरू. हायड्रा राहू दे. विट्यात दुसऱ्याची क्रेन चालवा, नाहीतर म्हशींची धार काढा. पारावर बसलात तरी मी जेवायला हाक मारीन, आणि तुम्ही येणार एवढं मला पुरे.

दाखल्याचं नीट विचारून आलेय, त्यात आदल्या वर्षाची कमाई धरतात. पुढच्या खेपेला तुमचे तिथले काही महिने धरतील. त्याच्या पुढच्या खेपेला एकही नाही. त्या वर्षी मी तुमचं नाव लिहीन आणि तिथल्या पगाराच्या जागी शून्य लिहीन, ठळक. तलाठी चौकशीला आले की दार तुम्ही उघडायचं.

लोभ आहेच. माणूसही असावा.
तुमचीच, राणी