मागे नेलेली तारीख

सोमवार, संध्याकाळ. रनाळे

आज ऑनलाइन अर्ज भरून द्यायच्या माझ्या दुकानात मन लागलं नाही. कागदाच्या कोपऱ्यातली ती तारीख डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचा ब्राउजर आता अपडेट होत नाही. कॉम्प्युटरवर आजची तारीख असली की वसतिगृहाच्या अर्जाची साइट उघडत नाही, चार महिने मागे नेली की उघडते. म्हणून तारीख मागे न्यायची, अर्ज भरायचा, तारीख जागेवर आणायची आणि मगच प्रिंट काढायची. मागच्या गल्लीतल्या सुमनताईंच्या मुलीच्या वेळी तेवढं जागेवर आणायचं राहिलं. कसं राहिलं? कोपऱ्यात चार महिन्यांपूर्वीची तारीख छापली गेली, अर्ज सुरू व्हायच्याही आधीची. मी बघितलंसुद्धा नाही.

आज ताई कचेरीतून तोच कागद घेऊन परत आल्या. "सायेब म्हने, हाई तारीख खोटी शे. आते मुदत बी सरनी." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. अर्ज भरताना शेजारीच बसल्या होत्या, सगळं पाहिलं होतं त्यांनी. हळूच म्हणाल्या, "मंग भाऊ, तारीख परत मांगे ली जा ना."