प्रेक्षकांनी बोलायचं नाही

प्रिय भिंगोबा,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. उजवा हात अजून थोडा रुसलेला आहे आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आलंय, एवढंच. जन्मभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासत आलास, तुला तरी हे वाचता यायला हरकत नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर मी अडले की तू थांबतोस, तू अडलास की मी थांबते, आणि सूनबाईला वाटतं लाइन तुटली.

बातमी अशी आहे की कारखान्याच्या वसाहतीतलं आपलं वाचनालय बंद करून पालिकेला तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. माणसांना बसून वाचायला जागा नाही आणि मोडक्या खुर्च्यांना मात्र छप्पर! रविवारी त्याविरुद्ध सभा आहे. परवा वाचनालयाच्या समितीची चार माणसं घरी आली. चहा झाला, खोकून झालं, मग अध्यक्ष म्हणाले, "ताई, भाषण तुम्ही लिहून द्या, सचिव वाचतील. तुम्ही नुसत्या व्यासपीठावर बसा. उगाच त्रास कशाला?" दहा महिन्यांपूर्वी मला कुणी 'नुसत्या बसा' म्हणालं असतं, तर त्याला जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली जावं लागलं असतं. परवा मी म्हणणार होते, 'उद्यापरवा सांगते'. 'उ' झाला आणि अध्यक्षांनीच पुरं केलं, "उत्तम! म्हणजे ठरलं." नाही ठरलेलं. मी बोलायचं की बाहुलीसारखं बसायचं, हे मला उद्या कळवायचंय. पण त्याआधी तुझ्याशी बोलायचं होतं.

तुला तो पहिला महिना आठवतो का? डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली आणि पस्तीस वर्षं कारखान्याच्या फाटकासमोरच्या कामगार सभा गाजवणाऱ्या तुझ्या बहिणीला 'चष्मा' म्हणता येईना. वस्तू दिसायची, तिचं काम कळायचं, शब्द मात्र दाराआड उभा असल्यासारखा. मी बोट दाखवायची आणि घरात लिलाव सुरू व्हायचा. मुलगा म्हणायचा पाणी, सूनबाई म्हणायची पंखा, शेजारीण म्हणायची, "अहो, त्यांना देवळात जायचंय!" मी, आणि देवळात! सगळी मायेची माणसं, प्रत्येकाच्या हातात माझ्यासाठी एक शब्द तयार. मी एकामागून एक त्यांचे शब्द घेत गेले आणि माझे मिळेनासे झाले. शेवटी बोट दाखवणंही सोडलं.

मग तू आलास. बगलेत पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यात दुकानातल्या डोळे तपासायच्या जुन्या तक्त्यांचे कापलेले चौकोन. पाठीवर अक्षरं, पुढून कोरे. माझ्या पलंगासमोरच्या टेबलावर तू ते मांडलेस आणि टीव्हीवरच्या त्या शब्दकोड्यांच्या कार्यक्रमातल्या निवेदकाच्या ऐटीत नियम सांगितलेस. ते आपल्याला पाठच होते रे! रोज संध्याकाळी सात वाजता बघायचो की. फळ्यावर झाकलेले चौकोन, एका चौकोनात एक अक्षर, वर एवढीच खूण की ही म्हण आहे, वस्तू आहे की जागा. स्पर्धकाने एक व्यंजन मागायचं. असेल तर ते जिथे जिथे असेल ते चौकोन उजळतात, नसेल तर पाळी पुढच्याकडे. काना-मात्रा आणि स्वर मात्र फुकट नाहीत, कमावलेले गुण मोजून घ्यायचे. उत्तर कळलं की घंटा वाजवायची आणि घंटेनंतर दहा सेकंदांत पूर्ण उत्तर द्यायचं. आणि शेवटचा, सगळ्यांत कडक नियम: प्रेक्षकांतून कुणी एक शब्द जरी बोललं, तर कोडं बाद आणि ज्याचं कोडं तो स्पर्धक खेळाबाहेर.

घरच्या खेळात तू एकच बदल केलास. दहा सेकंदांची अट काढून टाकलीस. शेवटचा नियम मात्र तसाच ठेवलास, आणि माझ्या घरच्यांना प्रेक्षक ठरवलंस.

पहिल्या दिवशी शब्द होता 'खिडकी'. मी 'ड' पर्यंत आले आणि सूनबाईने न राहवून उत्तर देऊन टाकलं. तू शांतपणे सगळे चौकोन गोळा करून खोक्यात टाकलेस. "क-कोडं बाद." ती चिडली, "अहो काका, आई रडकुंडीला आल्यात, तुम्हाला खेळ सुचतोय?" तू तिला जे सांगितलंस ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. दुकानात मालकांचा नियमच आहे, गिऱ्हाईक तक्ता वाचताना अडलं की आपण अक्षर सांगायचं नसतं. सांगितलं तर त्याला बरं वाटतं, पण नंबर चुकतो, आणि मग तो वर्षभर आपल्या डोळ्यांनी बघतो, त्याच्या नाही. हे एवढं बोलायला तुला चांगली दोन मिनिटं लागली. सूनबाई मध्ये बोलली नाही. त्या दिवसापासून ती तुझी शिष्या झाली.

'खिडकी' मला दुसऱ्या दिवशी मिळाली, पाऊण तासाने. तू पाऊण तास खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाहीस, मला आयती खूण मिळू नये म्हणून! वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीही नंतर तेच सांगितलं, की वाट बघणारं माणूस घरात असलं तर निम्मं काम झालं. सहा महिने तू दुकान बंद झाल्यावर दोन बस बदलून येत राहिलास. आज मी वाक्यं बोलते. अडते, पण माझी बोलते.

आता तुझ्या सुट्टीच्या दिवशीच्या त्या दुपारबद्दल. त्या कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा दाखवतात ना, त्यात एके दिवशी अचानक तूच दिसलास. एकोणीस वर्षांपूर्वीचा, दाट केसांचा, गळ्यापर्यंत बटण लावलेला. तू स्वयंपाकघरात चहा टाकत होतास. मी पलंगावर, रिमोट हाताबाहेर.

ही गोष्ट मी किती वेळा, किती जणांना रंगवून सांगितली असेल! की माझा भाऊ अंतिम फेरीत पोहोचला, ऐन उत्तराला त्याची जीभ अडली, मला बघवेना, मी प्रेक्षकांतून ओरडले आणि बिचाऱ्याचं कोडं बाद झालं. लोक हसायचे. तूही कोपऱ्यात हसायचास. सांगणाऱ्या मला त्यात माझी मायाच दिसायची.

त्या दुपारी मी ती गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. तू 'व' मागितलास, दोन चौकोन उजळले. 'ग' मागितलास, आणखी दोन. मग घंटा वाजवलीस. कोपऱ्यातलं घड्याळ दहावरून उतरू लागलं. "उतावळा नवरा गुडघ्याला" इथपर्यंत तू स्वच्छ बोललास, एकदाही न अडखळता. मग ओठ मिटलेस. 'ब' म्हणजे लहानपणापासून तुझी भिंत, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी समजले, अडला. पण पडद्यावर तुझा चेहरा जवळून दाखवला होता. तुझ्या डोळ्यांत घाबरल्याची खूणही नव्हती. तू नाकाने सावकाश श्वास घेत होतास, अवघड अक्षराआधी ओठ मिटून श्वास घ्यायचा, असं तू वर्षभर आरशासमोर शिकला होतास. घड्याळात चार सेकंद शिल्लक होते. आणि मागून, सभेत कमावलेल्या खणखणीत आवाजात, "बाशिंग!"

मी तुला वाचवायला नव्हते ओरडले. तू अडला नव्हतासच. मला धीर नव्हता.

तुला बक्षिसापेक्षा मोठं काहीतरी हवं होतं तेव्हा. टीव्हीवर चार माणसांदेखत बोलून दाखवलं की दुकानाच्या मालकांना सांगेन, मला मागच्या खोलीतून पुढे घ्या, गिऱ्हाइकांशी बोलायला. हे तू जाताना बसमध्ये मला म्हणाला होतास. परतताना म्हणाला नाहीस. एकोणीस वर्षं मागच्या खोलीत काचा घासत राहिलास. आणि मी? मी फाटकासमोर मुठी आवळून गर्जत होते की कामगाराचं म्हणणं कामगारानेच मांडलं पाहिजे, त्याच्या वतीने बोलणारा कितीही भला असला तरी त्याचा आवाज चोरतो! टाळ्या पडायच्या. घरी येऊन जेवायला बसलो की तुझं वाक्य मी पुरं करायची. "त्याला भात नकोय." "तो म्हणतोय, पंखा लाव." कधी चुकीचंही पुरं करायची आणि तू निमूट तो भात टाळायचास.

तू चहा घेऊन आलास, पडद्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "श-शर्ट काय घट्ट होता तो." बस, एवढंच. मला तेव्हा एक शब्द हवा होता. तुला कळलं होतं कोणता. तुझ्याइतक्या पटकन कुणालाच कळला नसता. चहा गार झाला, तू खुर्चीवर बसून राहिलास, आणि इतर कुणी असतं तर "असू दे गं, झालं गेलं" म्हणून मला मोकळं केलं असतं आणि स्वतःही मोकळं झालं असतं. तू तसं केलं नाहीस. तो शब्द माझा होता आणि तो मलाच काढायचा होता, हा मान तू मला दिलास. त्या दिवशी नाही निघाला. "येतो" म्हणून तू गेलास, बस गाठायला.

आज निघतो आहे. मला माफ कर. त्या चार सेकंदांसाठी, आणि त्यांच्या आधीच्या नि नंतरच्या सगळ्या भातांसाठी. आणि तू माझ्याशी तसा वागला नाहीस, याबद्दल तुझे किती आभार मानू? माझ्या तोंडात शब्द नव्हते तेव्हा तू त्यात तुझे घातले नाहीस, माझ्यावर याहून मोठे उपकार कुणी केलेले नाहीत.

मी हे पत्र लिहायला घेतलं ते खरं तर एका विनंतीसाठी. रविवारी मी बोलणार आहे. समितीला उद्या कळवेन, तुला आधी सांगते. त्यांना माझ्या मागे कागद धरून कुणाला तरी उभं करायचं असेल, तर सरळ नाही म्हणेन. मला वाटेल तसं अडेन, भर सभेत, माझ्या जुन्या विरोधकांदेखत. पण समोर शंभर मायाळू माणसं असतील आणि शंभरांच्या ओठांवर माझा शब्द असेल, त्याची मला धास्ती आहे. म्हणून तू येशील का? हे विचारते आहे, ठरवत नाही. नको म्हणालास तरी चालेल. आलास तर पहिल्या रांगेत बस, जिथे मला तुझा चेहरा दिसेल. सभा पाचला आहे. भाषण पाच मिनिटांचं लिहिलंय, म्हणजे तू आपली वीस मिनिटं धर.

तुझीच, आता ऐकायला शिकलेली,
ताई