तात्यांच्या नजरेचा दाखला

४ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले. माझ्यानंतरची गावातली सगळ्यांत तरुण बाई एकसष्ट वर्षांची आहे. लोक प्रेमळ आहेत, पण काहीतरी लपवतात. मी दिसले की गप्पा थांबतात.

खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात जायला एकच मोटारहोडी. ती चालवणारे तात्या सत्तरीचे. होडी सुटली की सगळे गप्प होतात आणि पुढे बसलेल्या त्यांच्या बायकोचं, काकूंचं तोंड सुटतं. खडकावर आज बगळे बसलेत, उजवीकडच्या खुंटाला शेवाळ किती धरलंय, असलं काहीबाही. रोज तेच. मला वाटलं, होडीतून काही चोरटं नेतात आणि ही त्यांची खुणेची भाषा. कोणाचं लक्ष नसताना एक पिशवी उघडून पाहिली. औषधं आणि चपला निघाल्या. लाज वाटली, पण संशय गेला नाही.

त्यात शिंपीणबाई या आठवड्यात तीनदा डोळे तपासायला आल्या. तिन्ही वेळा तक्ता मोठ्याने वाचला आणि चष्मा नको म्हणून निघून गेल्या. काल तात्या होडीच्या परवान्यासाठी तपासणीला आले, तर मी अक्षरं दाखवायची छडी उचलायच्या आत त्यांनी शेवटची ओळ धडाधड म्हणून टाकली! मी भरलेल्या दाखल्यावर डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन सही करतात. दाखला अजून कोराच आहे. मी उगाच संशय घेतेय का?

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावं.

तुमची,
धाकटी

९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला तिथे मैत्रीण मिळाली नाही, संशय तेवढा मिळाला. मी मात्र हसण्यावारी नेत नाही. सात वर्षांची असताना, ओट्याशी बसून माझ्याकडे शिकायचीस तेव्हा, तू माझ्याच बेरजेवर फुली मारली होतीस आणि बेरीज खरंच चुकली होती.

मला वाटतं, काकू गप्पा मारत नाहीत, वाट सांगतात. तात्यांना दिसत नसावं; शिंपीणबाईंनी तक्ता त्यांच्यासाठीच पाठ करून नेला असेल. तक्ता उलटा टांगून बघ. पण जे कागदावर लिहिशील ते आधी त्यांच्या तोंडावर सांग. पाठीमागून लिहिलंस तर खरं असूनही ती चुगली होईल.

तोवर त्या होडीत पाय ठेवायचा नाही, हा आईचा हुकूम.

दोघांचाही जीव तुझ्यात अडकलेला आहे, हे जाणून असावे.

बाबा

१९ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तक्ता उलटा टांगला. तात्यांनी जुनीच ओळ म्हटली. नापास लिहावं लागेल, असं मी तोंडावर सांगितलं. ते एवढंच म्हणाले की उद्या कोणाच्या छातीत कळ आली तर पलीकडे कोण नेणार, तू? तरी लिहिलं.

डॉक्टरांची सही होऊन आज आठ दिवस झाले. होडी बंद आहे. दवाखान्यात कोणी फिरकत नाही. शिंपीणबाईंनी रस्त्यातच सुनावलं की एका कागदानं चाळीस म्हातारी माणसं किनाऱ्याला बांधून ठेवलीस. उद्या खरंच कोणी गेलं, तर मी स्वतःला काय सांगू?

लोभ असू द्यावा. इथे सध्या कोणाचाच नाही.

धाकटी

४ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी काकू आल्या. तात्यांना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन केलं तर दिसेल, पण महिनाभर होडी बंद ठेवायची नाही म्हणून दोन वर्षं ते अंगावर काढत होते. मग काकूंनी विचारलं, बाईमाणसाचे डोळे परवान्याला चालतात का? मी तीन वेगवेगळ्या तक्त्यांवर तपासले, कारण त्यांनीही पाठ केलं असेल असं वाटलं. पास झाल्या. परवान्याच्या साहेबांनी त्यांच्याकडून चार फेऱ्या मारून घेतल्या. वाट त्यांच्या तोंडात होतीच, हातांना तेवढी शिकावी लागली.

आज तात्यांना ऑपरेशनला नेलं. आईची क्षमा मागून मीही होडीत बसले, काकूंच्या हातांवर संशयानं नजर ठेवून. शिंपीणबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तात्या माझ्या शेजारी. चाळीस वर्षांत ते प्रवाशांच्या फळीवर कधी बसले नव्हते. हात कुठे ठेवायचे असतात, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

तुमच्या लोभातली,
धाकटी