नाकाची नळी पळवल्याबद्दल

चिरंजीव छोटू (वय वर्षं चौसष्ट) यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मंगळवार, अकरा तारखेला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुझ्या मेहुण्यांनी माझ्या नाकाची नळी पळवली. तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचा खोकला गेला का? (उत्तर नंतर दे, आधी हे ऐक.)

तुला ठाऊकच आहे, गेली काही वर्षं माझं नाक म्हणजे चेहऱ्यावरची नुसती शोभा. आत मांस वाढलेलं, वास म्हणून कळत नसे. नासक्या दुधाचा चहा मी पाहुण्यांना आग्रहानं पाजलाय. महिन्यापूर्वी नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी नेब्युलायझर दिला. औषधाचं धुकं करून नळीनं थेट नाकात सोडायचं. यंत्र मिक्सरसारखं घरघरतं आणि मी त्याच्यासमोर आ वासून बसते, गळाला लागलेल्या माशासारखी. हे पेपरामागून हसायचे. हसोत बापडे.

आणि सोमवारी, अरे, साबण! हात धुताना साबणाचा वास आला! मी किंचाळलेच. मग घरभर हुंगत सुटले. उशी, बूट, दाराचा नवा रंग, शेजारीणबाईंची मान (त्या जरा दचकल्या). शेवटी ह्यांचा कोट हुंगला. सिगारेट! माझ्या गळ्याची शपथ घेऊन सोडलेली! विचारलं, तर म्हणे, "तुझं नाक अजून नवीन आहे, त्याला काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी नळी गायब. "बरी झालीस ना? मग कशाला ती रोजची घरघर?" डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, मधेच थांबलात तर मांस पुन्हा वाढेल. म्हणजे ह्यांच्या झुरक्यापायी माझा साबण जाणार! रागावतानाही आवाज चढवू नये, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. त्यांचे कष्ट मंगळवारी वाया गेले.

तुझी,
ताई

ता. क. औषधांच्या दुकानातून नवी नळी आण. गुपचूप.

ता. क. कोटाच्या खिशात सिगारेटचं पाकीट मिळालं. त्या छापाची सिगारेट आपल्या सगळ्या गोतावळ्यात एकटा तूच ओढतोस.

ता. क. लग्नाआधी हे पहिल्यांदा भेटले, तेव्हा ह्यांच्या अंगाला हाच वास येत होता. कोट मी अजून धुवायला टाकलेला नाही. हे ह्यांच्या कानावर गेलं तर याद राख. नळी आणि कबुलीजबाब, दोन्ही शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. जबाब लेखी हवा. फोन करू नकोस, फोन हेच उचलतात.