सतरा नंबरची नळी

प्रिय ताई,

काल भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, तू अजून नातवाला उचलून घेतलेलं नाहीस. दारातूनच बघतेस आणि हात धुवायला पळतेस. बोटांना भेगा पडल्यात म्हणे. मग मात्र मला राहवेना. फोनवर सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि तू तरी कुठे कुणाला बोलू देतेस! म्हणून लिहितेय.

साथीच्या सुरुवातीला आमच्या लॅबमध्ये रिपोर्टला चार-चार दिवस लागायचे. लोक खिडकीशी येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता नवं यंत्र आलंय, तासाभरात निकाल. मोठे डॉक्टर तर लग्न ठरल्यासारखे खुशीत असतात. मीही सगळ्यांबरोबर हसते. घरी आले की आईच्या पलंगावर नुसती बसून राहते. रडू येत नाही, राग येतो.

तेव्हा किट पुरत नसत. म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांतला थोडा-थोडा भाग, पाच-पाच जणांचा, एका नळीत मिसळून तपासायचो, आणि उरलेले नमुने वेगवेगळे फ्रीजरमध्ये ठेवायचो. नळी निगेटिव्ह, की पाचही जण त्याच दिवशी सुटले. त्या रविवारी आमची नळी निगेटिव्ह आली. बारा दिवस लॅबच्या वरच्या खोलीत काढले होते. उड्या मारतच घरी गेले आणि आईच्या कुशीत झोपले. मंगळवारी तू तिची औषधं घेऊन आलीस, तिची वेणी घातलीस. शुक्रवारी तिला ताप भरला. शनिवारी तू खोकायला लागलीस, तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि आई गेल्यावर तूच स्वतःवर निकाल देऊन टाकलास, "मीच आणलं घरात." माझा निगेटिव्ह रिपोर्ट पर्समध्ये होता, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघितलंच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी नवं किट किती बारीक पकडतं ते बघायला आम्ही फ्रीजरमधले जुने नमुने काढून एकेक वेगळा तपासला. सतरा नंबरची नळी माझी, त्याच रविवारची. पॉझिटिव्ह आली. मी ती पुन्हा लावली, मग पुन्हा. पातेलंभर पाण्यात चिमूटभर मीठ विरावं, तसा माझा नमुना त्या चौघांत विरला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुझी काय चूक? तेव्हाची चाचणीच तेवढी होती."

त्यांना न सांगितलेलं तुला सांगते. त्या रविवारी माझा घसा खवखवत होता. कसलीही तक्रार असेल तर नमुना वेगळा लावायचा, असा नियम होता. पण मग तो बाकी लोकांच्या रांगेत गेला असता आणि निकालाला आणखी चार दिवस लागले असते. मला आईकडे जायचं होतं गं. मी गप्प बसले. आई गेली त्या आठवड्यात तू हुंदके देत माझी माफी मागितलीस, आणि मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, "जाऊ दे ताई, मी तुला माफ केलं." ते शब्द मी परत घेते. तू काही आणलं नव्हतंस. माझ्याकडून आईला गेलं आणि आईकडून तुला. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. आधी नातवाला उचलून घे.

तुझीच,
शेंडेफळ